मध्यबिंदू समुद्रात पडतो

१० जानेवारी, शुक्रवार
वादी कबीर, मस्कत

मेहकरच्या शाळेत चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा मागचा बाक नेहमी अर्धी ओळ मागे असायचा. पुढची पोरं ओळ संपवून श्वास घेऊ लागली की मागून तीच ओळ पुन्हा घरंगळत यायची, विहिरीत बादली सोडल्यावर आवाज उशिरा यावा तशी. छत्तीस वर्षं मी टेबलावर पट्टी आपटली; मागचा बाक काही पुढे आला नाही. आज पहाटे तोच आवाज पुन्हा ऐकला. खिडकीखालच्या मशिदीत बांग सुरू झाली आणि डोंगरापलीकडच्या मशिदीची तीच ओळ अर्ध्यावर मागे. अंथरुणात उठून बसलो आणि सवयीने पट्टी शोधली.

ही डायरी लोकेशने दिली. त्याच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी क्रेनचं चित्र. "बाबा, लिहीत जा. वेळ जाईल तुमचा." मुलगा इंजिनिअर आहे, वाया जाणाऱ्या गोष्टींची सोय लावणं हाच त्याचा धंदा. सून माधवी ऑफिसला जाते, नात यशोधरा शाळेला जाते, आणि मी, मेहकरचे वानखडे सर, सोफ्यावरून बाल्कनीत जातो. येताना सोफा लागतोच.

कांता आली नाही. तिकिटं दोघांची होती, पासपोर्ट दोघांचे होते. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी नाई येत. तुमी जा."

"काहून?"

"मले नाई बसायचं त्या इमानात."

विमान हिने पाहिलंय कधी? आभाळात आवाज आला तर अलीकडे मान वर करायचेही कष्ट घेत नाही. मी संतापून म्हणालो, "ठीक आहे. आता तू 'या' म्हणशील तेव्हाच परत येईन." नाटकात असं वाक्य म्हटलं की पडदा पडतो. आमच्याकडे तिने डबा भरून दिला. मुंबईच्या बसमध्ये उघडला, तर खिचडीत खडा. गेली दोन वर्षं तिच्या हातच्या भातात खडे असतात, निवडायचा कंटाळा. मी बोलत नाही. खडा ताटाच्या कडेला वाजेल असा ठेवतो, एवढंच.

इथे येऊन आठवडा झाला. 'या' आलेलं नाही. फोन लोकेशच्या फोनवर येतो आणि लोकेशशीच बोलून संपतो.

१३ जानेवारी, सोमवार

यशूने आज मला दोन विमानतळांमधलं अंतर दाखवलं. संगणकावर एक पान आहे, त्यात दोन गावांची नावं घातली की झालं. मुंबई ते मस्कत: हवाई अंतर पंधराशे सत्तर किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाचा वेळ दोन तास पस्तीस मिनिटं. खाली आणखी ज्ञान होतं. या मार्गावर पायी जाता येत नाही. सल्ल्याबद्दल आभारी आहे. आणि दोन्ही विमानतळांचा मध्यबिंदू अरबी समुद्रात पडतो. नवराबायकोने दोन पावलं तू ये, दोन पावलं मी येतो असं करावं म्हणतात. आम्ही तसं केलं तर दोघंही बुडू.

मी यशूला म्हटलं, "बाळा, हे मेहकरपासून किती ते दाखव."

"आजोबा, मेहकर हॅज नो एअरपोर्ट."

"मग आजी कुठे राहते?"

ती विचारात पडली. "देन... आजीचा डिस्टन्स नाही येणार."

पोरगी हुशार आहे. ते पान दोन विमानतळांमधलं अंतर सांगतं, आणि विमानतळावर कुणी राहत नाही. माणसं विमानतळापासून बारा तासांच्या बसच्या पलीकडे राहतात आणि तिथून रुसतात.

दुपारी यावर एक कडवं जमलं.

अंतर पुसशी, सांगू कुठवर,
मोजपट्टीस ना नजर असे;
पंखांना जे सोपे अंतर
पायांना ते अथांग दिसे.

चालीवर म्हणून दाखवलं. यशूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझी समजूत काढली, "पण आजोबा, दूर नाही आहे. टू अवर्स थर्टी फाइव्ह. मूव्हीपेक्षा शॉर्ट."

नव्या पिढीचं काव्यग्रहण उत्तम आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

माधवी कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. आठ दिवस. इतकी घाईची ट्रेनिंग की काल दुपारी कळलं आणि रात्री विमान. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, काळजी करू नका हं." ट्रेनिंगची काळजी मी कशाला करू?

स्वयंपाक लोकेश करतो आहे. त्याच्या वरणाचं क्रेनने उचलावं असं वजन असतं.

माझं घड्याळ मी अजून भारताच्या वेळेवर ठेवलं आहे. यशू म्हणते, "आजोबा, तुमचा वॉच रॉंग आहे." रॉंग नाही, दीड तास पुढे आहे. या घरात मी कशात तरी पुढे असावं. शिवाय तिकडे आता काय चाललं असेल ते कळतं. सात वाजले की कांता विहारात जाते. नऊला भाकरी. दहाला दाराची कडी दोनदा ओढून बघते. ही माहिती मी कोणत्याही अपेक्षेशिवाय ठेवतो.

२५ जानेवारी, शनिवार

माधवी परत आली. चेहरा उतरलेला, पण हसत होती. बॅगेतून ठेचा काढला, हिरव्या मिरचीचा, वर जवसाच्या तेलाचा हात फिरवलेला. मी बोट चाटलं आणि थांबलो. हुबेहूब कांताचा. म्हटलं, "पुण्यात कुठे मिळाला?"

माधवी लोकेशकडे बघू लागली. लोकेश म्हणाला, "मिळतो आता सगळीकडे, बाबा."

पुण्याची दुकानं बरीच सुधारलेली दिसतात. मीठ मात्र थोडं जास्त होतं, तेही हुबेहूब.

जेवताना यशू म्हणाली, "मम्मा, आजी आता मला व्हिडिओमध्ये..." आणि माधवी म्हणाली, "यशू, होमवर्क." होमवर्क शनिवारी रात्री साडेआठला. अशी शिस्त मी जिल्हा परिषदेतही पाहिली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज तिचं दर्शन झालं. लोकेश बाल्कनीत व्हिडिओवर बोलत होता, मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर कांता. खाटेवर पडलेली. डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल.

मी छत्तीस वर्षं नोकरी केली, ऊन खाल्लं, कधी गॉगल लावला नाही. ही घरात, खाटेवर, छपराखाली गॉगल लावून पडलेली. मला पाहून फोन असा वळला की मला आमच्या घराचं छप्पर दिसलं. एक कौल सरकलं आहे.

लोकेशला विचारलं, "ही फॅशन कधीपासून?"

"ऊन फार आहे म्हणते."

"जानेवारीत?"

"बाबा, पाणी पिऊन झालं का?"

चौकशी केली तेव्हा आणखी तपशील कळला. बाईसाहेब चुलीजवळ जात नाहीत. शेजारच्या शांतारामची बायको दोन वेळचं करून देते. केसही धूत नाहीत म्हणे, ते लोकेशच्या फोनवर शांतारामच्याच तोंडून निघून गेलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, दिवसभर रेडिओ ऐकत पडायचं. मी असताना हिचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. माझी पाठ फिरली आणि संस्थान सुरू झालं. इतक्या वर्षांत हिला एकच अडचण होती असं दिसतं, ती म्हणजे मी.

३ फेब्रुवारी, सोमवार

मी फोन केला.

हे लिहिताना लाज वाटते, पण डायरी माझी आहे आणि खालची क्रेन कुणाला सांगणार नाही. चहा पिऊन, तोंड धुऊन, पांढरा सदरा घालून फोन केला. ऑडिओ होता, तरी सदरा घातला. काय बोलायचं ते मनात म्हणून पाहिलं होतं: "कौल सरकलंय, पाऊस नाही पण माकडं येतील." यात मागणं नाही, माघार नाही. एक जबाबदार गृहस्थ कौलाविषयी बोलतो आहे.

फोन शांतारामने उचलला. हा आमचा शेजारी, माझा जुना विद्यार्थी, मागच्या बाकाचा.

"सर, जय भीम. कसे हाये?"

"बरा. कांता आहे?"

"काकू... हाये ना. पडल्या हाये."

"भर सकाळी?"

"आराम हाये सर त्याईले." मागून बायकांचा हसण्याचा आवाज आला, त्यात तिचा मी ओळखला. पन्नास वर्षांनी हसणं ओळखू येतंच. ऐकायची सवय मात्र गेली होती. आणि मग स्वच्छ शब्दांत तिचा आवाज: "त्याईले काई सांगू नको रे शांताराम."

मी म्हटलं, "कौल सरकलंय," आणि फोन ठेवला.

म्हणजे ती हसते. मला वाटलं होतं रुसली आहे. रुसलेल्या माणसाकडे परत जाता येतं. हसणाऱ्याकडे कसं जायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

लोकेशने माझा व्हिसा वाढवला. मला न विचारता. "एप्रिलपर्यंत राहा, बाबा. घाई काय आहे?"

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तीच म्हणाली, राहू द्या."

राहू द्या. जुनं कपाट हलवायचं की नाही यावर माणसं असं म्हणतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. मी जाणार. कुणाला न सांगता. तिच्या दारात उभं राहून तोंडावर विचारणार की मी या घरात हवा आहे की नको. नको म्हणाली तर निदान ते दोन तास पस्तीस मिनिटं अधिक बारा तास प्रवास करून ऐकलेलं असेल, शांतारामच्या मार्फत नव्हे.

मदतीला वॉल्टर. हा आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. वसईच्या पापडीचा, इथल्या एका हॉटेलात पाहुण्यांची सरबराई बघतो, आणि तीस वर्षं ओमानात राहूनही शाळेतल्या कविता त्याला पाठ आहेत. संध्याकाळी आवारात आम्ही फिरतो आणि एकेक ओळ आळीपाळीने म्हणतो. मेहकर आणि वसई यांमध्ये काही साम्य असेल तर ते एवढंच की दोन्हीकडे मास्तरांनी एकाच ठिकाणी छड्या मारल्या.

वॉल्टर म्हणाला, "सर, लोकेशला सांगून जावा. बरं दिसत नाय."

"सांगितलं तर जाऊ देणार नाही."

"मॅडमशी भांडण?"

"भांडण असतं तर बरं होतं."

त्याने मोबाइलवर तिकीट काढलं आणि छापून आणून दिलं. "बारा तारखेचं मिळालं. पण सर, ऐका हां, बारा चाळीसचं फ्लाइट आहे, म्हणजे तुमाला आदल्या..."

मी हात वर केला. "वॉल्टर, मी शाळेचं वेळापत्रक छत्तीस वर्षं लावलं आहे. बारा तारीख, रात्री बारा चाळीस. मला वाचता येतं."

"तसं नाय सर..."

"पुरे."

"इन्शाल्ला," वॉल्टर म्हणाला. या देशात वाद संपवायला हा शब्द फार सोयीचा आहे.

तिकिटावरही एक गंमत. मस्कतहून निघणार बारा चाळीसला, मुंबईला पोचणार पावणेपाचला. म्हणजे चार तास. यशूला सहज विचारलं, तर म्हणाली इंडियाचं घड्याळ पुढे असतं म्हणून जाताना वेळ जास्त दिसतो, आणि इकडे येताना मुंबईहून निघाल्यावर तासाभरातच पोचल्यासारखं होतं. मुलाकडे यायला एक तास आणि बायकोकडे जायला चार. विमान कंपन्यांनाही संसाराचा अनुभव आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

लोकेशने सगळ्यांना बरक्याला नेलं, मासळीबाजारात. समुद्र इतका निळा की चित्रकलेच्या तासाला मी अशा निळ्याला शून्य दिलं असतं. लोकेश, मला वाटतं, कामाने दमून गेला आहे; एक मोठी सुरमई हातात धरून मला विचारतो, "बाबा, आईला चालेल का ही? तिने समुद्राचा मासा खाल्ला नाही ना कधी?"

"तिने समुद्रच पाहिला नाही."

"म्हणूनच विचारतो."

"चालेल. पोस्टाने पाठव."

माधवी हसली आणि तोंड वळवलं. मासा घेतला, कापून घेतला आणि घरी आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. आज संध्याकाळी मला मिळालं ते वांगं.

मी या घरातून जाणार आहे हे आतल्या आत त्यांना कळलं असावं. दोघंही माझ्याशी फार गोड वागतात. वाईट वाटतं. पण वाईट वाटण्यावर राहता येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरात काही तरी चाललं आहे. माधवीने सुट्टी घेतली आहे. माझ्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं केलं, "बाबा, तुमचे सदरे एका बाजूला घेते हं." खाटेवर नवी चादर, आणि दोन उशा. मला मानेचं दुखणं आहे हे हिला कुणी सांगितलं? खोलीतला सतरंजीचा तुकडा काढून टाकला, पाय अडकतो म्हणून. मी अडखळलो का कधी? न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडाही लावून घेतला. म्हणजे माझं पुढचं म्हातारपण इथेच काढायचं पक्कं झालं. दांड्यापर्यंत योजना गेली आहे.

संध्याकाळी वॉल्टर एका पाहुण्यांच्या गटाबरोबर निझव्याला जायला निघाला होता. जिन्यात भेटला. "सर, आज रात्री मग? टॅक्सी सांगून ठेवू?"

"आज? वॉल्टर, बाराला. उद्या."

"सर, पण बारा चाळीस..." खालून गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडत होतं. वॉल्टर दोन पायऱ्या उतरला, वर चढला, म्हणाला, "सर, तिकीट एकदा लोकेशला दाखवा, प्लीज," आणि गेला.

माणूस भला आहे, पण अतिसावध. मी झोपायला जातो. उद्याची रात्र जागायची आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी घरीच आहे.

क्रमाने लिहितो. दुपारी चारला नवा सदरा, कोट आणि बूट घातले. थैलीत एक धोतर, दोन सदरे, यशूने काढलेलं उंटाचं चित्र. माधवीला म्हणालो, "फिरून येतो." ती कपाटात डोकं घालून बोलत होती, "लवकर या हं बाबा." बाहेर येऊन टॅक्सी पकडली. मी वेळेआधी पोचणारा माणूस आहे. रात्री बारा चाळीसच्या विमानासाठी संध्याकाळी पाचला पोचणं यात मला काही चुकीचं वाटलं नाही.

विमानतळ फार सुंदर आहे. इतकं गुळगुळीत की आपण तिथे डाग पडल्यासारखे दिसतो. वर मोठा फलक, त्यावर माझं विमान होतं: मुंबई, बारा चाळीस. मला हायसं वाटलं. खिडकीपाशी एक ओमानी मुलगी बसली होती, काळा अबाया, हसरे डोळे. तिने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "बाबा, ये तो चली गयी. कल रात."

मी फलक दाखवला. ती म्हणाली, "वो आज रात वाली है, तेरा तारीख की. आपकी बारा की थी." तिने बोटांनी समजावलं, अगदी पहिलीच्या वर्गाला समजवावं तसं. मंगळवारची रात्र. बारा वाजले. बुधवार लागला. चाळीस मिनिटं झाली. विमान गेलं. तेव्हा मी मस्कतमध्ये खाटेवर दोन उशांवर झोपलो होतो, उद्याचं जागरण करायचं म्हणून.

रात्री बारानंतर तारीख बदलते. हे मी छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. फळ्यावर लिहून शिकवलं. मागच्या बाकालाही समजलं होतं.

मुलगी म्हणाली, "बहोत लोग करते हैं, बाबा." दयाळू होती. आजच्या विमानात जागा बघू का म्हणाली. बघितली. नव्हती.

मी एका खुर्चीवर बसून राहिलो. माणसं ढकलगाड्या घेऊन आत जात होती, आतल्या दारापलीकडे नाहीशी होत होती. संगणकावरच्या त्या पानाप्रमाणे मोजलं तर मी त्या क्षणी अंतराच्या अगदी टोकावर बसलो होतो. याहून जवळ मला तिच्या जाता येणार नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा एवढा वेळ जे वाटत नव्हतं ते सगळं वाटलं. रागाचा पत्ता नव्हता. मला फक्त घरी जायचं होतं, आणि ती नको म्हणाली असती तरी अंगणात बसलो असतो.

कविता एकही आठवली नाही. इतक्या वर्षांचं पाठांतर.

परत आलो तेव्हा लोकेश खाली फाटकापाशी उभा होता. अनवाणी. "बाबा, कुठे होतात?"

"फिरायला."

त्याने माझा कोट पाहिला, बूट पाहिले, थैली पाहिली. माझ्या खिशातून कागदाचा कोपरा दिसत होता, तोही पाहिला असावा. थैली हातात घेतली. जिन्यात मधेच थांबून म्हणाला, "दोन दिवस थांबा. मी हात जोडतो. फक्त दोन दिवस कुठे जाऊ नका."

"दोन दिवसांनी काय आहे?"

"साहेब येतोय माझा. इंडियातून. घरी आणायचा आहे."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबाला इतकं घाबरणारा मुलगा मी वाढवला याचं आश्चर्य वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लोकेश सकाळीच साहेबाला आणायला गेला. घरात सुरमईचा वास. साहेबाची चैन आहे. माधवीने मला दाढी करायला लावली. यशूने माझा सदरा निवडला आणि दारामागे उभं राहून उगाच हसत होती. मी म्हटलं, आजच्या काळात साहेबाच्या स्वागताला म्हाताऱ्यालाही इस्त्री करतात. साहेब मराठी असेल तर एखादी कविता म्हणू का, असं विचारलं. "म्हणा ना," माधवी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

अकराच्या सुमारास बेल वाजली. कुणीच उठेना. यशू म्हणाली, "आजोबा, तुम्ही ओपन करा."

मी उघडलं.

दारात कांता उभी होती. निळं लुगडं, अंगावर लोकेशचा स्वेटर, डोळ्यांवर तोच काळा गॉगल. मागे लोकेश, दोन्ही हातांत बॅगा. मी म्हणालो, "कौल..." आणि पुढचं वाक्य विसरलो.

लोकेश मागून बोलत होता. घाईघाईने, लहानपणी चूक कबूल करताना बोलायचा तसा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाबा. दोन वर्षं धूसर दिसत होतं तिला. तांदूळ निवडता येत नव्हते, पायरी दिसत नव्हती. विमानतळावर तुमच्यादेखत धडपडेन म्हणून आली नाही. तुम्ही इकडे आलात तेव्हा शांतारामपाशी बोलली. माधवी ऑपरेशनलाच गेली होती. तुम्हाला सांगू नका म्हणाली, तुम्ही रात्र रात्र जागाल. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात विमानाची परवानगी दिली, शांतारामने मुंबईपर्यंत आणून बसवलं.

मी ऐकत होतो की नव्हतो ते सांगता येणार नाही. तिच्याकडे बघत होतो. ती उंबरा ओलांडून आत आली, कुणाचा हात न धरता. गॉगल काढून लोकेशच्या हातात दिला. मग माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि बघू लागली. आधी कपाळ, मग गाल, मग दाढी करताना राहिलेले केस. सावकाश, घाई नव्हती. मानेवर बोट ठेवून तिथली सुरकुती बाजूला करून पाहिली. दोन वर्षांत इतक्या जवळून तिने मला पाहिलं नव्हतं, आणि मी तर ते मोजलंही नव्हतं.

"काहो," ती म्हणाली, "तुमी इतके म्हातारे कवा झाले?"